काउंटरपलीकडून : गुपचूप बंद केलेली गोळी

मधुमेहाच्या गोळ्यांनी होणाऱ्या त्रासाबद्दल विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक पोटाबद्दल. आणि निम्म्याहून अधिक जणांनी एक वाक्य आवर्जून लिहिलंय : ‘हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.’ मला नवल वाटलं नाही. सांगलीत मेडिकल चालवायचे तेव्हाही हेच असायचं. डॉक्टरांच्या खोलीत माणूस ‘बरं आहे’ म्हणतो आणि काउंटरवर येऊन, मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, खरं काय ते सांगतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस कमी-जास्त करणं माझ्या अखत्यारीत येत नाही. गोळी पोटात गेल्यावर काय करते, त्रास कशाने होतो आणि डॉक्टरांशी नेमकं काय बोलायचं, एवढं मी सांगू शकते. मी स्वतःही रोज रात्री जेवताना मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेते, त्यामुळे यातलं काही ऐकीव नाही.

प्रश्न : ताई, मी एसटीत वाहक आहे, वय 46. मागच्या वर्षी तपासणीत शुगर निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 1000 सकाळ-संध्याकाळ दिली. सकाळची गोळी घेतली की तासाभरात पोटात गुरगुर सुरू होते आणि जावंच लागतं. माझी गाडी सांगली-स्वारगेट, सकाळी चहा-वडापाव, जेवण दुपारी अडीचला स्वारगेटला उतरल्यावर. एकदा सुटली की मी कुठे जाणार? म्हणून ड्युटीच्या दिवशी सकाळची गोळी घेत नाही, सुट्टीला दोन्ही घेतो. तीन महिन्यांची शुगर 8.9 आली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची आणखी एक गोळी वाढवली. आता दुपारी कधी कधी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, तिकिटाच्या मशीनवर बोट नीट पडत नाही. सगळ्याच गोळ्या सोडून द्याव्यात असं वाटतंय.
— एक वाहक, सांगली जिल्हा

उत्तर : कंडक्टरसाहेब, तुमची दुसरी गोळी पहिल्या गोळीच्या त्रासातून आली आहे. डॉक्टरांच्या कागदावर तुम्ही रोज 2000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेता. एवढं घेऊनही एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, 8.9 म्हटल्यावर कोणताही डॉक्टर हेच करेल : औषध पुरत नाही, वाढवा. प्रत्यक्षात तुमच्या पोटात बहुतेक दिवशी 1000 च जातं. न सांगता बंद केलेली गोळी कागदावर चालूच राहते आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या खोट्या कागदावर होतो. तुम्हाला बोल लावत नाही. गाडीत संडास नाही ही तुमची चूक नव्हे. पण ही गोष्ट डॉक्टरांना कळायला हवी.

आधी थरथरीचं बघू, कारण ते जास्त घाईचं आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही याची ती वाट बघत नाही. सकाळी गोळी, मग चहा आणि वडापाव, आणि जेवण दुपारी अडीचला स्वारगेटला उतरल्यावर. मधल्या वेळात साखर खाली येते. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली गेली की थरथर, घाम, छातीत धडधड, चिडचिड, नजर अंधुक होणं सुरू होतं. अशा वेळी बरेच जण ‘अशक्तपणा आला’ म्हणून चहा मागवतात, तोही बिनसाखरेचा! त्या क्षणी तुम्हाला साखरच हवी : तीन चहाचे चमचे, पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की पोळी-भाजी, केळं, जे असेल ते खाऊन घ्या, कारण या गोळीचा अंमल लांबतो आणि साखर पुन्हा खाली घसरू शकते. तिकिटाच्या बॅगेत साखरेची पुडी कायम असू द्या आणि ती कुठल्या कप्प्यात आहे हे चालकाला सांगून ठेवा. जमेल तेव्हा थरथरत असतानाच ग्लुकोमीटरवर आकडा बघून लिहून ठेवा. डॉक्टरांना तो आकडा तुमच्या वर्णनापेक्षा जास्त कामाचा आहे. आणि पुढच्या तारखेची वाट न बघता या आठवड्यातच जा.

आता मेटफॉर्मिन. ही गोळी आतड्यातून जाताना तिथे तिचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून त्रास होतो तो पोटाला : गुरगुर, मळमळ, पातळ शौच, तोंडाला लोखंडासारखी चव. बऱ्याच जणांना सुरुवातीला होतो आणि काही आठवड्यांत आतडं सरावतं. तुमचं आतडं सरावलेलं नाही, कारण तुम्ही त्याला सरावू दिलेलं नाही. ड्युटीला अर्धा डोस, सुट्टीला एकदम दुप्पट. म्हणजे दर आठवड्याला नव्याने सुरुवात. त्यात पहिल्याच दिवसापासून 2000. नेहमीची रीत म्हणजे 500 ची एक गोळी, रात्रीच्या जेवणाबरोबर, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवत जायचं.

डॉक्टर ही गोळी सहजासहजी सोडत का नाहीत, तेही सांगते. गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका रानझुडपातल्या द्रव्याचा माग काढत हे औषध सापडलं, आणि 1957 मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने ते मधुमेहासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. इतकी वर्षं पारखलेली गोळी आहे. वजन वाढवत नाही, एकटी असेल तर साखर धोक्याइतकी खाली सहसा नेत नाही आणि स्वस्त आहे. कंडक्टरच्या पगारात हे शेवटचं कारणही लहान नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते असं. ही गोळी एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात मिळेल का? सगळा डोस रात्रीच्या जेवणाबरोबर घेता येईल का, म्हणजे सकाळी गाडी सुटेपर्यंत पोट शांत असेल? कमी डोसपासून पुन्हा चढवत नेता येईल का? आणि मी मेटफॉर्मिन रोज पुरती घेऊ लागलो तर ग्लिमेपिराइडची गरज उरते का? तुमच्या कामाचं सगळं वेळापत्रक कागदावर लिहून न्या : गाडी कधी सुटते, जेवण कुठे आणि किती वाजता, आठवड्यात वस्तीची गाडी किती वेळा. कामाच्या वेळा धड नसलेल्या माणसासाठी साखर खाली न नेणारी दुसरी औषधंही आहेत. पण तुमची जेवणाची वेळ अडीच आहे हे माहीत असेल तरच डॉक्टर त्यांचा विचार करतील. वाक्य जुळत नसेल तर हे घ्या : ‘डॉक्टर, ड्युटीच्या दिवशी मी सकाळची गोळी घेत नाही, कारण गाडीत संडास नाही.’ यात लाजण्यासारखं काय आहे?

एसआर गोळी मिळाली तर ती तोडायची, चावायची नाही. तोडली की ‘हळूहळू’ हा गुण गेला. जाताजाता, तुम्ही ‘शुगर फ्री’ बिस्किटं खाता का? त्यातल्या काहींत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं आणि त्यानेही पोट सुटतं. पुडा उलटा करून बघा. कितीदा गोळीची बदनामी होते आणि गुन्हेगार बिस्किट असतं.

प्रश्न : एसआर गोळी सुरू केल्यापासून शौचातून अख्खी गोळी तशीच बाहेर पडलेली दिसते. मग औषध लागू कसं पडणार? दुसरी गोळी जास्त घ्यावी का?
— इचलकरंजी

उत्तर : अजिबात नको. दिसतं ते रिकामं टरफल आहे. काही एसआर गोळ्यांमधलं औषध वाटेत झिरपून रक्तात जातं आणि सांगाडा तेवढा मऊ होऊन बाहेर पडतो. तुमची शुगर आटोक्यात असेल तर तिकडे बघूही नका.

प्रश्न : काकू, सासूबाईंचं वय 71. मधुमेह बारा वर्षांपासून. त्यांना एकाच गोळीत तीन औषधं आहेत : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज. आषाढी एकादशीला त्यांनी उपास केला, पण ‘गोळी चुकवायची नाही’ असं बजावलेलं, म्हणून सकाळची गोळी घेतली. दुपारी थोडी भगर. संध्याकाळी घामाने ओल्याचिंब, बोलणं अडखळू लागलं. मी दोन-तीन चमचे साखर खाऊ घातली, गुळाचा खडा दिला. अर्धा तास काही फरक नाही. शेवटी दवाखान्यात सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आल्या. साखर देऊनही साखर का वाढली नाही? आता कार्तिकीला पुन्हा उपास करणार म्हणतात, ऐकत नाहीत.
— एक सून, नाशिक

उत्तर : तुम्ही दवाखाना गाठलात, म्हणून आज हे पत्र लिहिता आलं. तुमचा पहिला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण याचं उत्तर गोळीच्या पाकिटावर ठळक अक्षरात हवं आणि ते नसतं.

आपण घरात जी साखर वापरतो ती सुक्रोज. ती रक्तात जाण्याआधी आतड्यात फुटून ग्लुकोज व्हावी लागते. वोग्लिबोजचं कामच ही फोड लांबवण्याचं आहे. जपानमध्ये निघालेलं औषध ते. भाताने जेवणानंतर चढणारी शुगर आवरायला उत्तम, म्हणून आपल्याकडेही खूप लिहून दिलं जातं. पण उपाशी माणसाची साखर खाली गेली की हेच औषध आडवं येतं. तुम्ही दिलेली साखर पोटात होती, रक्तात पोचत नव्हती. गूळही बहुतांशी सुक्रोजच, त्याचीही तीच गत. अशा गोळीवर असलेल्या माणसाला थेट ग्लुकोजच द्यावं लागतं : मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर, तीन-चार चमचे, अर्धा ग्लास पाण्यात. तीच आज आणून ठेवा, एक डबा स्वयंपाकघरात, एक पुडी सासूबाईंच्या बटव्यात. ती नसेल तर मध चालेल, त्यात सुटं ग्लुकोज असतं. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा द्या. माणूस गुंगीत असेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

नातवंडांना सुद्धा हे शिकवून ठेवा. दुपारी घरात बहुधा तीच असतात.

दुसरी गोष्ट ‘गोळी चुकवायची नाही’ या वाक्याची. हे वाक्य जेवणाऱ्या माणसासाठी आहे. ग्लिमेपिराइड जेवणाच्या भरवशावर दिलेली असते. जेवणच नसेल तर ती गोळी घ्यायची का, किती घ्यायची, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. तीन औषधं एका गोळीत असली की अडचण हीच : एक गाळून दोन घेता येत नाहीत. एरवी सोय असते, खर्चही कमी, पण महिन्यात दोन एकादश्या, चतुर्थी आणि वर नवरात्र धरणाऱ्या घरात औषधं सुटी असलेली बरी. हे डॉक्टरांना तुम्ही सुचवू शकता, आगाऊपणा होत नाही. दरवेळी एकादशीच्या आठवडाभर आधी जा आणि विचारा : उपासाच्या दिवशी सकाळी कोणती गोळी गाळायची, संध्याकाळी कोणती घ्यायची, आकडा कितीच्या खाली गेला तर उपास सोडायचा. सोडायची वेळ आली की घड्याळ आणि तिथी बघायची नाही.

आणि हेही विचारा की 71 व्या वर्षी इतक्या कडक नियंत्रणाची गरज आहे का. तरुण माणसाला एचबीए1सी 7 च्या खाली ठेवायला सांगतात, पण वय झालेल्या, साखर खाली जाण्याचा धोका असलेल्या माणसाला 8 च्या आसपासही चालवून घेतात. एवढी सूट असेल तर ग्लिमेपिराइड कमी करता येते, कधी काढूनही टाकता येते. पुष्कळ आज्या दहा वर्षांपूर्वीच्या डोसवर आहेत. दरम्यान त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, वजन उतरलं, मूत्रपिंडं थकली, आणि डोस तोच.

उपास करू नका असं मी लिहिणार नाही, लिहून त्या ऐकणारही नाहीत. ताटात काय असावं एवढं सांगते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, खिचडीचं मोठं ताट शुगर एकदम चढवतं. त्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिरा, असं दिवसभरात तीन-चारदा विभागून. निर्जळी मात्र नको. त्या बाबतीत मी सुनेच्या बाजूने उभी आहे.

प्रश्न : नाव छापू नये. मी 52 वर्षांची आहे. डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केल्यापासून खाली असह्य खाज, पांढरा स्राव. दोनदा बरं होऊन परत झालं. डॉक्टर पुरुष आहेत, सांगायची लाज वाटते. शेजारच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तिने दोन दिवस बरं वाटतं. लघवीच्या रिपोर्टमध्येही साखर 4+ आली, त्याने घाबरून गोळी बंद केली आहे.

उत्तर : ताई, ही गोळी मूत्रपिंडाला साखर लघवीतून सोडून द्यायला लावते. दिवसाला साधारण 60-70 ग्रॅम. तेव्हा तुमच्या लघवीत साखर दिसणारच, 4+ म्हणजे गोळी काम करते आहे. आणि जिथे गोड, तिथे बुरशी. हा या औषधाचा नेहमीचा, माहीत असलेला त्रास आहे. बायकांना जास्त होतो, पुरुषांनाही होतो. ते तुमच्याहून जास्त लाजतात.

शेजारची ती ट्यूब आधी कचऱ्यात टाका. खाज म्हटली की आमच्या धंद्यातले काही लोक जी ट्यूब पुढे करतात, तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस दबते, बुरशी फोफावते, कातडी पातळ होते. माझ्या व्यवसायातल्या या सवयीचा मला मनापासून राग आहे. बुरशीचं साधं, बिनस्टेरॉइडचं औषध नीट दिवस पूर्ण केलं तर बहुतेकींचं थांबतं. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, सुती कपडे वापरायचे. साबण, डेटॉल तिथे नको. पाणी भरपूर प्या. तरीही पुन्हा पुन्हा होत असेल तर गोळी बदलता येते. पण बदलण्याचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या, कारण ही गोळी कित्येकदा साखरेपेक्षा हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेली असते. 2020 च्या ऑक्टोबरात तिचं पेटंट संपलं आणि किंमत उतरली, म्हणून आता ती सर्रास दिसते. तुम्हाला कशासाठी दिली आहे, हे विचारल्याशिवाय ती बंद ठेवणं बरं नव्हे. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा. अनेकजणी असं करतात, चालतं.

या गोळीबाबत तीन गोष्टी मात्र थांबवून ठेवायच्या नाहीत. त्या भागात सूज, लाली, खूप दुखणं आणि सोबत ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर मीटरवर साखर ठीक दिसली तरी दवाखाना, आणि तिथे ‘मी ही गोळी घेते’ हे पहिलं वाक्य. या औषधावर शुगर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि मीटर बघून डॉक्टरही फसू शकतात. तिसरं, ऑपरेशन ठरलं असेल तर निदान तीन दिवस आधी ही गोळी थांबवतात; सर्जनना स्वतःहून सांगा. हगवण-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हाही ही आणि मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवायची का, हे फोन करून विचारा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद पेशंट स्वतः करू शकतो, हेही फार कोणाला ठाऊक नसतं. त्यासाठी सरकारचा 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे. नाव गुप्त राहतं.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, शुद्ध शाकाहारी. मेटफॉर्मिन अकरा वर्षं. पोटाचा त्रास कधीच नाही. वर्षभरापासून तळपायाला मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटतं. ‘शुगरमुळे नसा गेल्या, आता असंच राहणार’ असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी वारीला जाण्याची इच्छा आहे.
— बार्शी

उत्तर : गुरुजी, शुगरने नसा खराब होतात हे खरं. पण तुमच्या बाबतीत आणखी एक संशयित आहे आणि त्याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी12 जीवनसत्त्व शोषलं जाणं कमी होतं. ते मिळतं मांस, अंडी, दुधातून. शाकाहारी माणसाकडे मुळातच शिल्लक कमी. त्याच्या कमतरतेने पायाला मुंग्या येतात, अगदी मधुमेहासारख्याच. ऍसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर बी12 आणखी घटतं, तेही डॉक्टरांना सांगा.

रक्तातलं बी12 तपासायला सांगा. एक काळजी घ्या : तपासणीच्या आधी मेडिकलमधून ‘नसांची गोळी’ आणून सुरू करू नका. त्यात बहुधा बी12 असतंच, मग रिपोर्टमध्ये आकडा फुगून दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. आकडा 200 च्या खाली आला तर इंजेक्शनं किंवा गोळ्या देतात. 200 ते 300 च्या मध्ये असला तरी लक्षणं आहेत म्हटल्यावर बरेच डॉक्टर उपचार करतात. मेटफॉर्मिन त्यासाठी सोडावी लागत नाही. लवकर धरलं तर मुंग्या कमी होतात. खूप उशीर झाला असेल तर आहे तिथे थांबतात. म्हणून वारीपर्यंत थांबू नका, याच महिन्यात करा.

वारीचं म्हणाल तर बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, डांबर तापलेलं कळत नाही. अनवाणी एक पाऊलही नको. नवी चप्पल वाटेवर पहिल्यांदा घालू नका, दोन महिने आधीपासून पायाला तिची सवय लावा. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. मुक्कामाला पोचलात की तळवे सोबत्याला दाखवायचे, फोड आला असेल तर तो फोडायचा नाही आणि दुसऱ्या दिवशीची वाट ट्रकने. निघण्याआधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून करतात, सुई नसते, पाच मिनिटांचं काम आहे.